बाटलीची जात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, शनिवारी रात्री आम्ही आठ जण बसलो होतो. टेबलावर तीन बाटल्या : एक स्कॉटलंडची १२ वर्षांची, एक गोव्याची सिंगल माल्ट आणि एक नाशिकची रिझर्व्ह शिराझ. कार्यक्रमाचं नाव 'टेस्टिंग'. एकाने ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटून म्हणाला, "मनुका... मध... आणि मागे ओकचं लाकूड." दुसरा म्हणाला, "फिनिश लांब आहे." मीही मान डोलावली. मला खरं तर आजीच्या जुन्या पेटीचा वास आला होता, पण ते बोलायची लाज वाटली.

त्यानंतरच्या मंगळवारी रात्रपाळीचे वॉचमन काका केबिनमध्ये देशीच्या क्वार्टरसोबत सापडले. रविवारी कमिटीची मीटिंग झाली आणि दहा मिनिटांत त्यांची नोकरी गेली.

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, ते ड्युटीवर होते. मान्य. ड्युटीवर प्यायलेल्या माणसाला समज द्यायलाच हवी. पण त्या मीटिंगमध्ये 'ड्युटी' हा शब्द एकदाच आला. बाकी जे बोललं गेलं ते असं : "देशी पितात हो हे लोक." "वास येतो." "घरात लहान मुलं आहेत आपल्या." बोलणाऱ्यांत गच्चीवरच्या आठांपैकी तिघे होते. त्यातल्या एकाने शनिवारी तीन पेगनंतर गाडी काढून पनवेलवरून बर्फ आणला होता. त्या गाडीखाली कोणाचंही मूल येऊ शकलं असतं. त्याच्याबद्दल कोणी ठराव मांडला नाही.

मीही मांडला नाही. मी हात वर केला नाही आणि खालीही केला नाही, मोबाईलमध्ये बघत बसलो. हा लेख त्या न उचललेल्या हाताबद्दल आहे.

घेणारे आणि पिणारे

मराठीतली दारूची क्रियापदं बघा. वॉचमन 'पितो'. रिक्षावाला 'लावतो'. नाक्यावरचा मजूर 'ढोसतो'. आपण मात्र 'घेतो'. आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वरचे तर घेतही नाहीत, ते नुसते 'बसतात'. "शनिवारी बसूया का?" या वाक्यात दारूचा थेंब नाही. खालच्यासाठी आपल्याकडे नाम आहे, बेवडा. वरच्यासाठी विशेषण आहे, दर्दी. दोघांच्या रक्तात मात्र एकच रेणू फिरतो, त्याचं नाव इथेनॉल.

हिशोब करून बघा. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. रेड वाईनचा १५० मिलीचा, साडेतेरा टक्क्यांचा ग्लास घेतलात तर १६ ग्रॅम. म्हणजे 'मी फक्त वाईन घेते' असं म्हणत दोन ग्लास संपवणारी व्यक्ती दीड पेगाच्या वर पोचलेली असते. अल्कोहोलला कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकून आता बरीच वर्षं झाली, १९८८ पासून ते तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण 'सुरक्षित' म्हणता येणार नाही. त्या निवेदनात 'प्रीमियम वगळून' अशी तळटीप नाही.

हे मला आकडेवारीतून कळलं नाही. घरातून कळलं.

विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यातलं एक आमचं. घर गेलं, त्या बदल्यात इकडे प्लॉट मिळाला आणि हातात पैसा आला. तोपर्यंत माझा काका गावातल्या गुत्त्यावर प्यायचा आणि घरात रोज भांडण व्हायचं. पैसा आल्यावर त्याने गुत्ता सोडला आणि स्कॉच धरली. खोक्यातली, सोनेरी अक्षरांची. हळदीला पाहुण्यांसमोर टेबलावर ती खोकी रचली जायची. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण घरात सगळ्यांना वाटलं, काका सुधारला. आता तो गटारात पडत नव्हता, सोफ्यावर झोपत होता. आजी शेजारणीला सांगायची, "आता बरीवाली घेतो तो."

काका ४९ व्या वर्षी गेला. लिव्हर. हॉस्पिटलात डॉक्टरांनी ब्रँड विचारला नाही. किती वर्षं आणि रोज किती, एवढंच विचारलं.

म्हणून 'प्रीमियम' या शब्दाचा मला राग आहे. चवीचा नाही. या शब्दाने आमच्या घराला सहा वर्षं गाफील ठेवलं. गुत्त्यावर पिणाऱ्याला बायको, आई, शेजारी, कोणीतरी अडवतं. महागड्या बाटलीला कोणी अडवत नाही, उलट फोटो काढतात.

लेबल काढा, मग बोला

बरं, आपण दर्दी आहोत असं धरून चालू. मग निदान बाटलीत काय आहे ते तरी माहीत असावं.

स्कॉच म्हणायचं तर ती धान्यापासून बनलेली आणि स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली असावी लागते. पिंपातून दर वर्षी थोडी दारू हवेत उडून जाते. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. थंड स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण दोन टक्के. बंगळूरच्या उष्ण हवेत अमृत डिस्टिलरी तो १० ते १२ टक्के सांगते. आता १२ वर्षांचा हिशोब करा. दोन टक्क्यांनी उडाली तर पिंपात तीन चतुर्थांशांहून जास्त उरते. १२ टक्क्यांनी उडाली तर जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणून आपल्याकडच्या चांगल्या माल्टच्या बाटलीवर सहसा वय लिहिलेलं नसतं. उष्णतेत लाकूड आणि दारू यांचा व्यवहार लवकर होतो, आणि इथे १२ वर्षं थांबलं तर पिंपच रिकामं होईल. 'किती वर्षांची आहे?' हा आपला आवडता प्रश्न थंड देशाचा आहे. पनवेलच्या मे महिन्यात त्याला फारसा अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. व्हिस्की बाटलीत मुरत नाही. पिंपातून बाहेर पडली की तिचं वय तिथेच थांबतं. 'भाऊंनी दुबईहून आणलेली, दहा वर्षं जपून ठेवलीय' ही बाटली दहा वर्षांपूर्वी होती तेवढीच आहे, फक्त शोकेसवर धूळ जास्त आहे. वाईनचं उलट. ती बाटलीत बदलते, पण बहुतेक रेड वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. आपण ती फ्रीजच्या वर उभी ठेवतो, जिथे मागची गरम हवा लागते. दोन उन्हाळ्यांनंतर उघडून 'काय कॉम्प्लेक्स आहे' म्हणतो. ती कॉम्प्लेक्स नसते, ती बिघडलेली असते.

आता आपल्या रोजच्या 'इंग्लिश'कडे या. भारतात बनलेल्या विदेशी मद्याच्या बऱ्याचशा ब्रँडचा पाया मळीचा स्पिरिट असतो. मळी म्हणजे साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरलेला चिकट काळा पदार्थ. त्या स्पिरिटमध्ये थोडी माल्ट, थोडा रंग, थोडा स्वाद, आणि झाली व्हिस्की. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आणि आपली देशी कशापासून बनते? मळीच्याच स्पिरिटपासून. म्हणजे गच्चीवरचा 'इंग्लिश' घेणारा आणि केबिनमधला देशी पिणारा, दोघांची आजी एकच : पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याची मळीची टाकी. एक नातू शहरात येऊन टाय घालून बसला, दुसरा गावठी राहिला.

फुलं वेचली म्हणून गुन्हेगार

दर्दी लोक बाटलीतली 'माती' ओळखतात असं म्हणतात. तर आपल्या पायाखालच्या मातीबद्दल थोडं.

करंजाड्यापासून उरण तासाभरावर. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूचं मोठं केंद्र होतं. भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या, आणि माल खाडी ओलांडून मुंबईला जायचा. जंगलपट्ट्यातले आदिवासी मोहाची फुलं वेचून स्वतःपुरती गाळायचे. मोहाचं फूल नुसतं दारूचं नव्हतं, टंचाईत ते वाळवून खाल्लं जायचं. १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. उत्पादन मोजक्या, सरकारच्या नजरेखालच्या भट्ट्यांत गोळा झालं आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. तरी लोक थांबेनात, म्हणून १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा आला. तो लागू झाला ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, म्हणजे आपण. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं घरात साठवणं हासुद्धा गुन्हा झाला. हेतू लोकांची नशा उतरवण्याचा नव्हता, सरकारी दारूचं गिऱ्हाईक वाढवण्याचा होता.

आता सीमा ओलांडून गोव्यात जा. काजूच्या बोंडूपासून गाळलेल्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेय ठरवलं. आज पर्यटक तिची बाटली बबलरॅपमध्ये गुंडाळून नेतात. सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, तोच काजू, तोच बोंडू, तीच माती. पण इथे गाळली की ती 'गावठी', आणि पोलीस मडकी फोडतात. तेरेखोलच्या एका काठावर वारसा आणि दुसऱ्या काठावर गुन्हा.

मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून परवानगी दिली. आपल्याकडे २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरची बंधनं उठवली, पण ती गाळणाऱ्या आदिवासी बाईला परवाना आणि तपासणीची सोय असलेली छोटी भट्टी मिळाली नाही.

द्राक्षाचं काय झालं तेही बघा. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं. पुढे विक्रीवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनरीला परत द्यायची योजना आली. नाशिक, अकलूज, नारायणगाव नकाशावर आले. मला यात आनंदच आहे. सांगायचं एवढंच की जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' आणि 'शेतकऱ्याचं भलं होईल' हे दोन युक्तिवाद जोरात चालले. गदारोळ झाला आणि निर्णय अंमलात आला नाही, हा भाग वेगळा. पण हाच युक्तिवाद मोहाचं फूल वेचणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांसाठी कोणी केला? द्राक्ष पिकवणारा शेतकरी, आणि मोह वेचणारी गुन्हेगार? बाटलीची जात इथे तयार होते.

स्वस्त महाग, महाग स्वस्त

नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. कारण काय दिलं? जास्त करामुळे तस्करी होते, बनावट माल येतो, महसूल बुडतो. तर्क चोख आहे.

जून २०२५ मध्ये त्याच राज्याने उलट दिशेने पाऊल टाकलं. भारतात बनलेल्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर, देशीवरचं प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपयांवर. १८० मिलीची किमान किंमत ठरली : देशी ८० रुपये, धान्यापासूनची नवी 'महाराष्ट्र मेड' १४८, भारतीय विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल असा अंदाज होता. चार पायऱ्यांचा हा जिना सरकारनेच बांधून दिला.

आता विचारा, कर वाढला की लोक बनावट मालाकडे वळतात हा तर्क फक्त स्कॉच पिणाऱ्यालाच लागू होतो का? श्रीमंताची पायरी महाग झाली तर तो दुबईच्या मित्राकडून दोन लिटर मागवतो. गरिबाची झाली तर तो कुठे जातो? तो जातो प्लास्टिकच्या पिशवीकडे. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत काय झालं ते आठवा. एकट्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली. त्यांना मारलं ते इथेनॉलने नाही, मिथेनॉलने. ते कारखान्यात वापरायचं रसायन, थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, मग जीव. ती माणसं 'बेवडी' होती म्हणून मेली नाहीत. खात्रीची बाटली त्यांच्या खिशाबाहेर होती, आणि स्वस्तात विकणाऱ्याच्या ड्रममध्ये काय आहे हे तपासणारं कोणी नव्हतं.

त्यात आता ब्रिटनशी करार झालाय. जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या. त्यानुसार स्कॉचवरची आयात-जकात १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर येणार आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून आमच्या जुन्या शेतांवरून विमानं उडू लागली आहेत. उद्या तिथे ड्युटी फ्रीचं दुकान झळकेल. ज्या बांधावर आजोबा बसून माडी प्यायचे, तिथे स्प्रे मारलेल्या मुली कागदी कपात सिंगल माल्टचा घोट देतील. मला त्या दुकानाचा राग नाही. पण त्या बांधावरचे आजोबा अडाणी आणि या काउंटरवरचा मी रसिक, हे कोणी ठरवलं?

मग काय, पिऊच नये?

हा लेख दारूबंदीसाठी नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीने दारू गेली नाही, फक्त तिचा भाव आणि विकणारा बदलला, असं तेव्हा सरकारनेच ती उठवताना मांडलं. आणि तसं पाहिलं तर महाराष्ट्रात कागदोपत्री आजही दारूबंदीचाच कायदा आहे, १९४९ चा. प्यायला परवाना लागतो. बिअर-वाईनसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. त्या शनिवारी गच्चीवर आठांपैकी एकाकडेही परवाना नव्हता. कायद्याच्या नजरेत आम्ही आणि वॉचमन काका एकाच रांगेत होतो. रांग मोडली ती कमिटीने.

समोरून एक मुद्दा येईल आणि तो खरा आहे : महाग पिणारे हळू पितात, कमी पितात, चव घेतात. काही जण खरंच तसे आहेत. दोन घोटांत तासभर रमणारे मित्र मलाही आहेत आणि त्यांच्यासोबत बसायला मला आवडतं. पण मग श्रेय त्या संयमाला द्या, बाटलीला नको. जो माणूस दोन घोटांवर थांबतो तो देशीचा असला तरी दर्दी, आणि जो थांबत नाही तो २५ वर्षांच्या माल्टचा असला तरी माझा काका.

तुम्ही बावीस-पंचविशीचे असाल तर रील्स तुम्हाला रोज सांगताहेत की अमुक ग्लास, अमुक बर्फाचा गोळा, अमुक बाटली म्हणजे 'पोचलेला' माणूस. दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही, म्हणून सोडा आणि म्युझिकच्या नावाने ती येत राहिली. आता ती तुमच्याच मित्राच्या स्टोरीतून येते, फुकटात. ती बघताना एकच करा : लेबल झाकून तोच माणूस बघा. किती पितोय, किती दिवस, आणि दुसऱ्या दिवशी कामावर कसा जातोय.

सरकारकडून मला तीन गोष्टी हव्यात. बाटलीवर मळीचा की धान्याचा स्पिरिट हे ठळक अक्षरांत लिहा, ब्रँडच्या नावाएवढ्याच. कर नावावर आणि पायरीवर न लावता अल्कोहोलच्या ग्रॅमवर लावा, मग ते कुठल्याही देशाचं असो. आणि मोह, काजू, माडी गाळणाऱ्यांना छोटे परवाने द्या, तपासणीची प्रयोगशाळा तालुक्यात आणा, म्हणजे कोणाला पिशवीतलं मिथेनॉल प्यायची वेळ येणार नाही.

आणि सोसायटीकडून एक. ड्युटीवर पिऊ नये हा नियम असू दे. त्याच कागदावर खाली लिहा : पिऊन गाडी काढणाऱ्या सभासदाचं पार्किंग तीन महिने बंद. पहिल्या चुकीला दोघांनाही लेखी समज, दुसऱ्या चुकीला शिक्षा. हा ठराव मी पुढच्या मीटिंगला देणार आहे. गच्चीवरचे सात जण माझ्याशी बोलायचे थांबतील कदाचित. वॉचमन काकांना परत बोलवता येईल का ते विचारलं, तर कळलं की ते आता कळंबोलीच्या एका गोदामावर आहेत, पगार दोन हजारांनी कमी.

काकाची शेवटची खोकेवाली बाटली अजून आमच्या घरी आहे. जाड काच, जड बूच. आजी त्यात पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवते. पाहुणे आले की कोणीतरी हमखास तिच्याकडे बघून म्हणतं, "अरे वा, भारीतली दिसते." आजी काही बोलत नाही. ग्लासात पाणी ओतून देते.